सवलतीची फाईल दस्ताआधी उघडा: नाशिक जिल्ह्यात नवं युनिट टाकताना

नाशिक जिल्ह्यात नवं युनिट टाकणारे बहुतेक जण शासनाच्या सवलतींचा विचार उत्पादन सुरू झाल्यावर करतात. तोपर्यंत मुद्रांक शुल्क भरून झालेलं असतं, यंत्रांची बिलं जुन्या गाळ्याच्या पत्त्यावर आलेली असतात आणि पहिलं विक्रीबिल प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेन्ट (संमतीपत्र) हातात येण्याआधीच फाटलेलं असतं. मग जाडजूड फाईल घेऊन ते आमच्यासारख्यांकडे येतात आणि विचारतात, "यातून काही निघेल का?" थोडंफार निघतं, पण जे गेलं ते गेलंच. एवढा पैसा, एवढी मेहनत लावलेल्या माणसाला हे सांगताना फार वाईट वाटतं, कारण चूक कामात नसते, क्रमात असते.

हा लेख महाराष्ट्र शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजना २०१९ या चौकटीवर बेतलेला आहे आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उत्पादक युनिटांसाठी आहे. मूळ शासन निर्णयाप्रमाणे या योजनेची मुदत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ अशी होती. तुमच्या युनिटच्या तारखांना कोणता शासन निर्णय लागू होतो ते पहिल्याच दिवशी पाहा, त्याची प्रत छापून फाईलच्या पहिल्या पानावर लावा. दर बदलतात, टक्केवारी बदलते. खाली दिलेला कामाचा क्रम मात्र आधीच्या योजनांमध्येही उपयोगी पडला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. "सिन्नरला टाकलं की पाच वर्षं इन्कम टॅक्स नाही" असं अजूनही सांगितलं जातं. तसं नाही. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटांना आयकरात जी मोठी वजावट होती, तिचं दार नव्या युनिटांसाठी २०२० मध्येच बंद झालं. नव्या उत्पादक कंपन्यांसाठीचा १५ टक्क्यांचा सवलतीचा दरही ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांपुरताच होता. आता जे मिळतं ते राज्याकडून: एसजीएसटीवर (राज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीतला राज्याच्या वाट्याचा निम्मा भाग) आधारलेलं औद्योगिक प्रोत्साहन अनुदान, मुद्रांक शुल्क माफी, विद्युत शुल्क माफी, टर्म लोनच्या व्याजावर अनुदान आणि वीजदरात अनुदान. बँकेला देण्याच्या प्रकल्प अहवालात आयकर माफी धरली असेल तर ती आजच काढून टाका.

## टप्पा १: तालुका नक्की करा, मगच प्लॉट बघा

योजनेत तालुक्यांचे गट पाडलेले आहेत: अ, ब, क, ड, ड अधिक आणि त्यापुढे विनाउद्योग जिल्हे, नक्षलग्रस्त भाग वगैरे. औद्योगिकदृष्ट्या मागे असलेल्या तालुक्याला सवलत जास्त, पुढे गेलेल्याला कमी. गट ठरतो तो तालुक्यावरून. एमआयडीसीत आहात की बाहेर, यावरून तो ठरत नाही.

नाशिकमध्ये नेमकी इथेच गल्लत होते. आपण बोलताना अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर सगळ्याला "नाशिकची इंडस्ट्री" म्हणतो. पण अंबड आणि सातपूर नाशिक तालुक्यात, गोंदे आणि वाडीवऱ्हे इगतपुरी तालुक्यात, अक्राळे दिंडोरी तालुक्यात, विंचूर निफाड तालुक्यात येतं. मुसळगाव आणि माळेगाव सिन्नर तालुक्यात. विल्होळीच्या पुढे मुंबईच्या दिशेने गेलात की कधी तालुका बदलला हे रस्त्यावर कळतही नाही. सातबारा किंवा वाटपपत्रावर गावाचं आणि तालुक्याचं नाव काय आहे तेच बघा.

सावधान: इंग्रजी फॉर्ममध्ये सिन्नरचं माळेगाव आणि मालेगाव तालुका यांचं स्पेलिंग एकच होतं. ऑनलाइन यादीतून चुकीचं नाव निवडलं की तालुका बदलतो, तालुका बदलला की गट बदलू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका अर्जात उद्यम नोंदणीवर (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी) मालेगाव, जीएसटी नोंदणीवर सिन्नर आणि कन्सेन्टवर नुसतंच "माळेगाव, नाशिक" होतं. तिन्ही कागद खरे, तिन्ही एकाच कारखान्याचे. ते जुळवून घेण्यात दोन महिने गेले.

तपासा: शासन निर्णयासोबतच्या परिशिष्टात तुमच्या तालुक्याच्या नावापुढे कोणता गट लिहिला आहे? ते पान स्वतः पाहा. शेजारच्या गाळेवाल्याने सांगितलं म्हणून धरून चालू नका. त्याचं युनिट कदाचित आधीच्या योजनेत मंजूर झालेलं असेल.

## टप्पा २: कोणती सवलत कधी मागायची ते लिहून काढा

सगळ्या सवलती एकाच अर्जात, एकाच दिवशी मिळतात असं समजू नका. प्रत्येकीची वेळ वेगळी असते.

मुद्रांक शुल्क माफी दस्त नोंदवण्याआधी मागायची असते. विद्युत शुल्क माफी, वीजदर अनुदान, व्याज अनुदान आणि एसजीएसटीवरचं प्रोत्साहन अनुदान पात्रता प्रमाणपत्रानंतर (युनिट योजनेत बसतं असा दाखला) मिळतं, पण त्यांचा हिशेब पहिल्या बिलापासून ठेवावा लागतो. गुणवत्ता प्रमाणपत्र, पाणी व ऊर्जा लेखापरीक्षण, पेटंट नोंदणी यांसारख्या खर्चावरची मदत वेगळ्या अर्जाने येते, आणि तिला खर्चाची पावती लागते.

भिंतीवर एक कागद लावा. डावीकडे सवलत, मध्ये ती मागण्याची वेळ, उजवीकडे तिला लागणारा कागद. हे काम दोन तासांचं आहे. पुढची दोन वर्षं तुम्ही त्याच कागदाकडे बघणार आहात.

## टप्पा ३: जमिनीचा दस्त आणि मुद्रांक शुल्क

एमआयडीसीचा प्लॉट असो, मुसळगावच्या सहकारी वसाहतीतला गाळा असो की खासगी जमीन, क्रम सारखाच ठेवा:

१. आधी फर्म किंवा कंपनी अस्तित्वात आणा. भागीदारी करारनामा किंवा नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि बँक खातं हातात हवं.
२. वाटपपत्र किंवा खरेदीचा मसुदा त्याच नावावर घ्या.
३. जिल्हा उद्योग केंद्रात मुद्रांक शुल्क माफीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.
४. प्रमाणपत्र आल्यावर ते घेऊनच दुय्यम निबंधकाकडे जा.

ही माफी सगळ्या गटांना सारखी नाही. तुमच्या गटाला ती आहे का हे टप्पा १ मध्येच कळलेलं असेल. असेल, तर घाई करून दस्त उरकू नका. विक्रेता "आजच्या आज नोंदवा" म्हणत असेल, तर विसार वाढवून द्या, पण प्रमाणपत्राची वाट पाहा. एकदा शुल्क भरून दस्त नोंदवला, की फक्त माफी मागायची राहिली म्हणून ते परत मिळवणं फार कठीण असतं.

बँकेचं गहाणखत विसरलं जातं. टर्म लोन मंजूर झालं की बँकेचा माणूस दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपर मागतो आणि आपण कर्जाच्या आनंदात तो देऊन टाकतो. त्या दस्तावरही मुद्रांक लागतो. माफीच्या यादीत तो दस्त बसत असेल, तर उद्योग केंद्राच्या प्रमाणपत्रात त्याचाही उल्लेख करून घ्या. बँकेला हे मंजुरीपत्राच्या वेळीच सांगून ठेवा.

सावधान: जमीन वैयक्तिक नावावर घेऊन पुढे फर्मला भाड्याने देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. वडिलांच्या नावावर प्लॉट, मुलाच्या नावावर कंपनी. घरात चालतं, पण योजनेत जमिनीची किंमत युनिटची गुंतवणूक म्हणून धरायची असेल तर ती युनिटच्याच ताळेबंदात दिसायला हवी.

## टप्पा ४: जुनं युनिट आणि नवं युनिट कागदावर वेगळं करा

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण नाशिकमधले सर्वांत जास्त दावे इथेच अडकलेले मी पाहिले आहेत.

चित्र नेहमीचंच असतं. अंबडला पंधरा-वीस वर्षांचं मशीन शॉप आहे. जागा पुरेना म्हणून सिन्नरला किंवा दिंडोरीला प्लॉट घेतला. फर्म तीच, पॅन तोच. जीएसटीत फक्त "अतिरिक्त व्यवसायस्थळ" म्हणून नवा पत्ता जोडला. म्हणजे दोन्ही ठिकाणची विक्री एकाच जीएसटी क्रमांकाखाली, एकाच रिटर्नमध्ये जाते. वर्षभराने दावा करताना विचारणा होते: सिन्नरच्या उत्पादनावरचा एसजीएसटी किती? रिटर्नमध्ये तो आकडा नसतो. टॅलीमध्ये बिलांची मालिका एकच असते. मग बिलं हाताने वेगळी करत बसायचं, आणि एवढं करूनही तपासणाऱ्याला पटेलच असं नाही.

उपाय कायद्यातच आहे. एकाच राज्यात, एकाच पॅनवर, प्रत्येक व्यवसायस्थळासाठी स्वतंत्र जीएसटी नोंदणी घेता येते. नव्या युनिटसाठी ती उत्पादन सुरू होण्याआधी घ्या. म्हणजे खरेदी, विक्री, क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट), रिटर्न सगळं आपोआप वेगळं राहतं.

याची एक बाजू आधीच समजून घ्या. स्वतंत्र नोंदणी घेतली की अंबड आणि सिन्नर जीएसटीच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती होतात. सिन्नरहून अंबडला अर्धवट तयार माल पाठवला तरी करबिल करावं लागतं. क्रेडिट मिळतं म्हणून नुकसान होत नाही, पण ही आपल्याच घरातली देवाणघेवाण अनुदानाच्या हिशेबात पात्र विक्री म्हणून घालू नका. तिच्यासाठी बिलांची वेगळी मालिका ठेवा.

स्वतंत्र नोंदणी घेणं काही कारणाने शक्य नसेल, तर निदान एवढं करा: नव्या युनिटच्या विक्रीबिलांना वेगळा उपसर्ग, वेगळं स्टॉक रजिस्टर, वेगळं वीजमीटर आणि वेगळं हजेरीपत्रक.

तपासा: उद्यम नोंदणीत नव्या युनिटचा पत्ता आणि उत्पादनाचा गट बरोबर आहे ना? जुन्या युनिटचा "जॉबवर्क" गट तसाच राहिलेला असतो आणि नवीन युनिट मात्र पूर्ण तयार भाग बनवत असतं.

जॉबवर्कवाल्यांना वेगळं सांगतो. प्रोत्साहन अनुदान पात्र उत्पादनाच्या विक्रीशी बांधलेलं आहे. जीएसटीत जॉबवर्क ही सेवा धरली जाते. कच्चा माल कंपनीचा, तुम्ही फक्त यंत्रकाम करून मजुरीचं बिल लावत असाल, तर त्या बिलावरचा एसजीएसटी दाव्यात धरण्याआधी उद्योग केंद्राकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी होकारावर गुंतवणूक उभी करू नका.

## टप्पा ५: यंत्रं, इमारत आणि गुंतवणुकीचा तक्ता

प्रोत्साहन अनुदानाची एकूण मर्यादा पात्र स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीत ठरते. म्हणजे जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांत तुम्ही काय सिद्ध करू शकता, त्यावर पुढची काही वर्षं अवलंबून आहेत. म्हणून प्रत्येक खरेदीच्या बिलावर चार गोष्टी बघा: नाव युनिटचं, जीएसटी क्रमांक नव्या युनिटचा, माल पोचवण्याचा पत्ता नव्या प्लॉटचा आणि पैसे युनिटच्याच खात्यातून गेलेले. ई-वे बिलावरही (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) नवाच पत्ता हवा. राजकोटहून सीएनसी मशीन येतं, विक्रेत्याकडे तुमचा जुना पत्ता नोंदलेला असतो, तो तोच टाकतो. ट्रक मात्र सिन्नरला उतरतो. दोन वर्षांनी हे यंत्र नक्की कुठे बसलं याचा पुरावा मागितला की ट्रकवाल्याची पोच शोधत फिरायचं.

तक्ता असा ठेवा: बिल क्रमांक, तारीख, विक्रेता, यंत्राचं नाव आणि अनुक्रमांक, मूळ किंमत, जीएसटी, भाडं व बसवणी खर्च, पैसे दिल्याची तारीख, शेडमधली जागा. शेवटचा रकाना अनेकांना फालतू वाटतो. प्रत्यक्ष पाहणीला अधिकारी आले, की त्याच रकान्यामुळे एका तासात काम होतं.

जीएसटीच्या रकान्याबद्दल काळजी घ्या. यंत्रावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरायची नाही. दोन्हीकडे धरली तर घसाराही चुकतो, क्रेडिटही धोक्यात येतं आणि गुंतवणुकीचा आकडाही फुगतो.

जुनी यंत्रं, अंबडहून हलवलेली यंत्रं, गाड्या, ऑफिसचं फर्निचर यांची यादी वेगळी करा. पात्र गुंतवणुकीत ती मिसळली की सगळ्या तक्त्यावरचा विश्वास जातो. हलवलेल्या यंत्रांमुळे तुमचं युनिट "नवं" की "विस्तार" हाही प्रश्न उभा राहतो. विस्तारात धरलं गेलं, तर जुन्या उत्पादनाचा पाया वजा करून वरच्याच भागावर सवलत मोजली जाते.

## टप्पा ६: उत्पादन सुरू झाल्याची तारीख एकच असू द्या

पात्रतेचा काळ व्यावसायिक उत्पादन सुरू झाल्याच्या तारखेशी जोडलेला आहे. ती तारीख तुम्ही सांगता तेवढ्याने ठरत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चालवण्याचं कन्सेन्ट, महावितरणची जोडणी, इमारत पूर्णत्वाचा दाखला, कारखाना परवाना, कच्च्या मालाची पहिली खरेदी आणि पहिलं विक्रीबिल हे सगळे कागद तीच गोष्ट सांगायला हवेत.

योग्य क्रम असा:

१. बांधकामाआधी उभारणीचं कन्सेन्ट आणि नकाशा मंजुरी.
२. इमारत पूर्णत्वाचा दाखला.
३. मंजूर भाराची वीजजोडणी.
४. चालवण्याचं कन्सेन्ट आणि कारखाना परवाना.
५. चाचणी उत्पादन.
६. पहिलं विक्रीबिल.

सुटतो तो बहुधा पाचवा मुद्दा. एका युनिटने ग्राहकाकडे मंजुरीसाठी नमुन्याचे थोडे भाग पाठवले. हिशेबनिसाने सवयीने करबिल केलं: किंमत ४,००० रुपये, जीएसटी ७२०, एकूण ४,७२०. कन्सेन्ट आलं त्यानंतर सात आठवड्यांनी. अर्ज तपासताना पहिली विक्री म्हणून तेच बिल पुढे आलं. एसजीएसटी अवघा ३६० रुपये, पण त्यामुळे उत्पादन कन्सेन्टच्या आधी सुरू झाल्याचं कागदावर दिसायला लागलं आणि खुलाशांची रांग लागली. नमुना विक्रीसाठी नसेल तर डिलिव्हरी चलनावर पाठवा, आणि चलनावर "चाचणी नमुना, विक्रीसाठी नाही" असं लिहा. शिवाय चालवण्याच्या कन्सेन्टशिवाय उत्पादन करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको.

तपासा: वरचे सगळे कागद टेबलावर तारखेच्या क्रमाने ओळीत मांडा. एखादी तारीख उलटी दिसली, तर तिचा खुलासा आजच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कारण आठवत नाही.

## टप्पा ७: पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज

सूक्ष्म, लघु आणि मध्यम युनिटांचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे जातो. आपलं केंद्र सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर, आयटीआयजवळच्या उद्योग भवनात आहे. मोठ्या आणि विशाल प्रकल्पांची प्रकरणं मुंबईला उद्योग संचालनालयाकडे जातात, त्यांचा मार्ग वेगळा.

अर्जाची मुदत शासन निर्णयात दिलेली असते. मी माझ्या पक्षकारांना मुदत सांगतच नाही. पहिलं विक्रीबिल झालं की त्याच महिन्यात अर्ज करा, एवढंच सांगतो. मुदत संपत आली की सीएचं प्रमाणपत्र, चार्टर्ड अभियंत्याचं मूल्यांकन, बँकेचं पत्र या तिन्ही गोष्टी एकदम लागतात आणि त्यांतली एक तरी हमखास उशिरा येते.

अर्जासोबतचे आकडे सीएच्या प्रमाणपत्रात, बँकेच्या मूल्यांकनात आणि ताळेबंदात एकसारखे हवेत. रुपयाचा फरक चालतो, लाखाचा चालत नाही. जमिनीचा प्रीमियम एका ठिकाणी मुद्रांकासह आणि दुसऱ्या ठिकाणी मुद्रांकाशिवाय लिहिलेला असतो, हा फरकाचा सर्वांत साधा उगम. तिथून शोधायला सुरुवात करा.

स्थानिक रोजगाराची अट हलकी घेऊ नका. एकूण रोजगारात किमान ८० टक्के स्थानिक माणसं असावी लागतात. गोंदे आणि अंबडच्या पट्ट्यात ठेकेदाराची माणसं मोठ्या संख्येने असतात आणि मालकाला त्यांचे पत्तेही माहीत नसतात. भरतीच्या दिवशीच अधिवासाचा पुरावा घ्या. भविष्यनिर्वाह निधीच्या चलनावरची माणसं, हजेरीपत्रकावरची माणसं आणि अर्जातला आकडा जुळला पाहिजे.

सावधान: एजंटाने भरलेला अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका. उत्पादन क्षमतेचा आकडा तिथे मोघम टाकलेला असतो. पुढे क्षमतेपेक्षा जास्त विक्री झाली, की त्या वरच्या भागावरचा दावा अडकू शकतो. तीन पाळ्यांत, वर्षाचे किती दिवस, कोणत्या यंत्रावर किती नग, असा हिशेब मांडून क्षमता लिहा.

## टप्पा ८: दरवर्षीचा दावा

प्रमाणपत्र आलं म्हणजे पैसे आले असं होत नाही. दावा दरवर्षी करावा लागतो, आणि तो कशाच्या आधारावर मोजतात हे नीट समजलं नाही तर प्रकल्पाचं गणितच चुकतं.

२०१९ च्या योजनेत लघु-मध्यम युनिटांचं प्रोत्साहन अनुदान पात्र उत्पादनाच्या पहिल्या विक्रीवरच्या ढोबळ (क्रेडिट वजा न करता मोजलेल्या) एसजीएसटीवर आधारलेलं आहे, आणि तेही बिल आणि माल दोन्ही महाराष्ट्रातल्या त्याच ग्राहकाकडे गेले असतील तर. परराज्यातल्या विक्रीवर आयजीएसटी लागतो, तो यात येत नाही.

एक महिना धरू. एकूण विक्री १ कोटी, दर १८ टक्के. त्यातले ४० लाख पुणे आणि छत्रपती संभाजीनगरला, ६० लाख गुजरात आणि हरयाणाला. अनुदानाचा पाया फक्त ४० लाखांवरचा ९ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरलेल्या विक्रीवरचा १० लाख ८० हजारांचा आयजीएसटी पायात धरायचा नाही. प्रकल्प अहवालात मात्र एकूण १८ लाख कराच्या निम्मे, म्हणजे ९ लाख, धरलेले मी कितीदा पाहिले आहेत. बँकही ते मान्य करते आणि तिसऱ्या वर्षी हप्त्याला पैसे कमी पडतात. पायावर किती टक्के मिळतील ते तुमच्या गटावर आणि एकूण मर्यादेवर अवलंबून आहे.

दर बदलला की पायाही बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के दर १८ वर आला. एसजीएसटी १४ वरून ९ झाला. नाशिकच्या वाहन पुरवठादारांनी जुने प्रकल्प अहवाल काढून आकडे पुन्हा मांडायला हवेत.

आता फसवं बिल. पुण्याची कंपनी ऑर्डर देते आणि म्हणते, बिल आमच्या नावे लावा, माल थेट आमच्या वापीच्या व्हेंडरकडे पाठवा. जीएसटीच्या नियमाने पुरवठ्याचं ठिकाण पुणे धरलं जातं, त्यामुळे बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी लागतो. रिटर्नमध्ये ही विक्री राज्यातलीच दिसते. पण ट्रक वापीला गेला. बिल एकाला, माल दुसऱ्याला, तोही राज्याबाहेर. अशी बिलं ई-वे बिलावरून दर महिन्याला बाजूला काढा. वर्षअखेरीला शोधायला गेलात तर सुटतील, आणि तपासणीत सापडली तर बाकीच्या बिलांकडेही संशयाने पाहिलं जाईल.

क्रेडिट नोटा आणि परत आलेला माल वजा करायला विसरू नका. वाहन उद्योगात रिजेक्शन नेहमीचं असतं, त्याचा हिशेबही नेहमी हवा.

व्याज अनुदानात दोन चुका होतात. पहिली, सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या) खात्याचं व्याज दाव्यात घालणं. अनुदान स्थिर मालमत्तेसाठी घेतलेल्या टर्म लोनच्या प्रत्यक्ष भरलेल्या व्याजावर, ५ टक्के दराने मोजलं जातं. दंडव्याज त्यात धरू नका. दुसरी चूक मर्यादेची: त्या वर्षी वापरलेल्या आणि भरलेल्या विजेच्या बिलापेक्षा हे अनुदान जास्त होत नाही. ज्यांचं यंत्र महाग पण वीज कमी, त्यांनी हे आधीच मांडून बघावं.

वीजदर अनुदान उत्तर महाराष्ट्रातल्या पात्र नव्या युनिटांना पहिली ३ वर्षं युनिटमागे १ रुपया असं आहे, अ गट सोडून. विद्युत शुल्क माफी ही वेगळी गोष्ट. महावितरणचं एक बिल हातात घ्या आणि "विद्युत शुल्क" ही ओळ शोधा. त्याच बिलात "वीज विक्री कर" ही दुसरी ओळ असते. माफी लागू झाली का, हे पहिल्या ओळीवरून कळतं. प्रमाणपत्र आल्यावरही ती ओळ शून्य झाली नसेल, तर लगेच अर्ज करा. महिनोन् महिने शुल्क भरत राहिलेले मालक मी पाहिले आहेत, कारण बिल ऑटो-डेबिटने जात होतं आणि ते कुणी उघडलंच नव्हतं.

तपासा: दाव्यातला एसजीएसटी जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), ३बी (कर भरण्याचं रिटर्न) आणि वार्षिक रिटर्न यांच्याशी जुळतो का? न जुळणाऱ्या प्रत्येक बिलाचं एका ओळीत कारण लिहा.

## टप्पा ९: आलेलं अनुदान वहीत कुठे मांडायचं

दावा मंजूर होणं आणि पैसे खात्यात येणं यांत मोठा काळ जातो. निधी उपलब्ध होईल तसे पैसे मिळतात. म्हणून कर्जाचा हप्ता किंवा कच्च्या मालाची देणी या पैशांच्या भरवशावर ठरवू नका. ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

आयकरात १ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या वर्षापासून सरकारी अनुदान, सवलत, परतावा हे उत्पन्न धरलं जातं. मालमत्तेच्या किमतीतून जे वजा केलं असेल, तेवढंच त्याला अपवाद. "भांडवली अनुदान आहे, करमुक्त आहे" हे जुनं उत्तर आता चालत नाही. व्याज अनुदान, वीज अनुदान उत्पन्नात येतं. एखाद्या यंत्रासाठी मिळालेलं अनुदान त्या यंत्राच्या किमतीतून कमी होतं आणि घसारा तेवढा घटतो. प्रोत्साहन अनुदान कुठे बसवायचं ते मंजुरीपत्राची भाषा वाचून सीएशी ठरवा, आणि एकदा ठरवलं की दरवर्षी तसंच करा. शासनाच्या अनुदानावर जीएसटी मात्र लागत नाही.

कोणत्या वर्षात दाखवायचं हाही प्रश्न येतो. अटी पूर्ण होतील आणि पैसे मिळतील याची वाजवी खात्री झाली की नोंद घ्यावी लागते. पैसे प्रत्यक्ष आल्यानंतर तर ती पुढच्या वर्षावर ढकलताच येत नाही.

## टप्पा १०: पात्रतेच्या काळात काही बदलायचं असेल तर

भागीदार बदलला, प्रोप्रायटरी फर्मची कंपनी केली, उत्पादन बदललं, शेडचा भाग भाड्याने दिला, यंत्र विकलं, जागा हलवली: यांतली कोणतीही गोष्ट करण्याआधी उद्योग केंद्राला लेखी कळवा आणि परवानगी लागत असेल तर ती हातात येईपर्यंत थांबा. विनापरवानगी केलेल्या बदलामुळे पुढचे दावे थांबतातच, दिलेली रक्कम व्याजासह परत मागितली जाण्याचीही शक्यता असते. प्रोप्रायटरीची कंपनी करताना पॅन बदलतो, जीएसटी क्रमांक बदलतो, वीजजोडणीचं नाव बदलावं लागतं. पात्रता प्रमाणपत्र मात्र जुन्याच नावावर राहून जातं. कंपनी नोंदवायच्या यादीत "पात्रता प्रमाणपत्रावरचं नाव" हा मुद्दा सीएला आजच लिहायला सांगा.

मूळ कागदांची एक प्रत कारखान्याबाहेर, घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पावसाळ्यात माळेगावच्या एका शेडमध्ये पत्रा उडाला आणि कपाटात पाणी शिरलं. तीन वर्षांच्या ई-वे बिलांच्या प्रती ऑनलाइन काढता आल्या, पण ताबा पावती आणि यंत्रांच्या बसवणीचे दाखले पुन्हा मिळवायला विक्रेत्यांच्या दारात जावं लागलं, आणि त्यांतल्या एकाने तोपर्यंत दुकान बंद केलं होतं.